डोस तोच, मूल मात्र वाढले

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नागपुरातील आमच्या गल्लीत लाकडी बैल ओढत फिरणाऱ्या मुलांपैकी सात वर्षांचा एक मुलगा एकाएकी कोसळला आणि त्याच्या हातापायांना झटके येऊ लागले. त्याला अपस्मार आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक होते; परंतु औषध सुरू झाल्यापासून जवळजवळ दोन वर्षे फिट आली नव्हती आणि त्या पावसाळ्यातली ही तिसरी होती. एकाने चप्पल हुंगवली. दुसऱ्याने निर्णय देऊन टाकला की पोराच्या अंगाला औषधाची सवय झाली असून ते आता लागू पडणार नाही. मुलाच्या आईने मला एवढेच विचारले, ''सर, एकही डोस चुकवला नाही, मग फिट वाढल्या कशा?''

मी औषधशास्त्र शिकवतो, उपचार करत नाही. म्हणून मी तिला फक्त दोन आकडे विचारले: औषध सुरू झाले तेव्हा मुलाचे वजन किती होते आणि आज किती आहे. तेव्हा १६ किलो होते, आता २२. सोडियम व्हॅल्प्रोएटचे सिरप सकाळ-संध्याकाळ ४ मि.लि. चालू होते. या सिरपच्या ५ मि.लि.मध्ये २०० मि.ग्रॅ. औषध असते, म्हणजे दिवसाला ३२० मि.ग्रॅ. सुरुवातीला हे प्रमाण दर किलोमागे २० मि.ग्रॅ. होते, आता ते साडेचौदावर आले होते. आईने डोस चुकवला नव्हता हे खरेच, पण मूल त्या डोसाच्या पुढे निघून गेले होते.

हे नेमके कसे घडते ते समजण्यासाठी नागपूरकरांना मे महिन्यातला कूलर आठवला तरी पुरे. लहान कूलरला रात्री दोन बादल्या पाणी घातले की सकाळपर्यंत पुरते. तेच पाणी मोठ्या ताट्यांच्या कूलरला घातले तर पहाटेच टाकी कोरडी पडते आणि गरम वारा सुरू होतो. मुलाचे यकृत ही ती ताटी. वजन वाढले की यकृतही वाढते आणि रक्तातले औषध दर तासाला अधिक प्रमाणात निकामी करते; शिवाय लहान मुलांचे यकृत दर किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त काम करते. १६ वरून २२ किलोवर गेलेल्या मुलात तोच डोस दिला तर रक्तातील सरासरी पातळी अंदाजे पाव हिश्श्याने उतरते.

मात्र ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, आणि मला या विषयातला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. कूलरचे पाणी टाकी भरलेली असो वा अर्धी, साधारण एकाच वेगाने उडते. यकृत बहुतेक औषधांच्या बाबतीत तसे वागत नाही. ते ठरावीक मात्रा नव्हे, तर ठरावीक हिस्सा काढून टाकते. पातळी निम्मी होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. मुलांमध्ये व्हॅल्प्रोएटसाठी तो १० तास धरला, तर डोसानंतरची १०० ही पातळी १२ तासांनी ४३ वर येते, आणि मधला एक डोस राहिला तर २४ तासांनी १९ वर. फेनोबार्बिटोन या फिटवरच्या दुसऱ्या औषधाचा अर्धायुकाल दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक असल्यामुळे त्याचा एखादा डोस राहिला तर लगेच फारसे जाणवत नाही. याच नियमामुळे डोस बदलल्यावर पातळी स्थिरावण्यास चार-पाच अर्धायुकाल लागतात: व्हॅल्प्रोएटला दोन-तीन दिवस, फेनोबार्बिटोनला दोन आठवडे किंवा जास्त. दुसऱ्याच दिवशी ''फरक नाही'' म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

फेनिटॉइन हे फिटवरचे आणखी एक औषध मात्र काही अंशी खरोखर कूलरसारखे वागते. ते निकामी करणारी यकृतातली विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) मर्यादित असतात आणि नेहमीच्या उपचारातील पातळीवरच ती जवळजवळ पूर्ण गुंतून जातात. विकरे संपृक्त झाली की काम एका वेगापलीकडे जात नाही, ही गोष्ट मायकेलिस आणि मेंटेन या शास्त्रज्ञांनी १९१३ साली साखरेचे विघटन करणाऱ्या विकरावर गणिताने मांडली होती. फेनिटॉइनच्या बाबतीत तिचा अर्थ असा की डोस थोडासा वाढवला तरी बाहेर जाणारी मात्रा तेवढी वाढत नाही, उरलेले औषध रोज साचत जाते आणि पातळी अनेक पटींनी चढते. मग मूल झोकांड्या खाते, डोळे थरथरतात, आणि पातळी फारच चढली तर फिट कमी होण्याऐवजी वाढूही शकतात. म्हणून ''फिट वाढल्या, आपणच अर्धा चमचा वाढवू'' हा घरगुती उपाय धोक्याचा आहे. त्यातच फेनिटॉइनचे द्रव औषध न हलवता ओतले तर बाटलीच्या वरच्या भागात औषध कमी आणि तळाशी जास्त येते. महिन्याच्या सुरुवातीला फिट आणि शेवटी गुंगी, असा प्रकार त्यातून घडू शकतो.

''सवय झाली'' या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे, तो कार्बामाझेपिन या फिटवरच्याच औषधाबाबत. हे औषध स्वतःला तोडणारी विकरे यकृताकडून जास्त प्रमाणात तयार करवून घेते, त्यामुळे पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत तोच डोस कमी पडू लागतो. परंतु ही सवय यकृताची आहे, मेंदूची नव्हे, आणि डॉक्टर ती आधीच हिशेबात धरतात.

वजनाखेरीज इतर कारणेही असतात. पावसाळ्यातला ताप, उलटीत पडून गेलेला डोस, लग्नघरातले जागरण ही नेहमीची. दुसऱ्या आजारासाठी दिलेले औषधही घोळ करते: मेरोपेनेमसारखे प्रतिजैविक व्हॅल्प्रोएटची पातळी एका दिवसात कोसळवू शकते. कधी फिटचा प्रकार आणि औषध यांचेच जुळत नाही. मूल क्षणभर शून्यात पाहते त्या प्रकारच्या फिट कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांमुळे वाढू शकतात. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा डोसात देऊनही फिट थांबत नसतील, तरच त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणायचे, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१० सालची आहे. सुमारे एक-तृतीयांश रुग्ण या गटात येतात आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया किंवा कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार यांचा विचार होतो.

राहिली चप्पल. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे त्या वेळी जे नाकाशी धरलेले असेल त्याला श्रेय मिळते. कांदा धरला असता तर कांद्याला मिळाले असते. याहून चिंतेची गोष्ट म्हणजे मिरगीवर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या. त्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेले आढळल्याची प्रकरणे आपल्या देशात घडली आहेत. पुडीने गुण येतो तो अशा वेळी त्याच औषधाचा, फक्त डोस कोणालाच ठाऊक नसतो, आणि पुडी अचानक बंद केली की फिटची रांग लागू शकते.

फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकातला स्प्रे द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शक्य असेल तर दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण करावे. तपासणीत ते वर्णनापेक्षा उपयोगी ठरते.

दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या डॉक्टरांनी मुलाला आधी वजनकाट्यावर उभे केले. त्यांच्या सांगण्यावरून सकाळचा डोस देण्यापूर्वी, म्हणजे पातळी सर्वांत खाली असताना, रक्त घेतले गेले. व्हॅल्प्रोएटसाठी सामान्यतः ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. पातळी अपेक्षित असते. त्याची ५० च्या खाली निघाली. दर वेळचा डोस दोन टप्प्यांत साडेपाच मि.लि.पर्यंत नेण्यात आला आणि मापासाठी चमच्याऐवजी सिरिंज देण्यात आली. फाईलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी तारखेसमोर वजनाचा एक नवा रकाना आखून दिला आहे.