अंड्याचे ट्रे लावून डीजेचा आवाज थांबत नाही

लग्नसराई आली की आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांत एक सल्ला फिरतो: भिंतीला अंड्याचे ट्रे नाहीतर थर्माकोल चिकटवा, डीजेचा आवाज आत येणार नाही. बारावीच्या पोरांसाठी मायबाप हा खटाटोप करतात, म्हणून सांगतो. तो वाया जातो.

ट्रेनं खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, एवढंच. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर साधारण ५-६ डेसिबल (आवाज मोजायचं माप) जास्त अडतात. ट्रेचा कागदी लगदा अन् थर्माकोल यांना वजनच नाही. डीजेचा खोल ठोका त्यातून सरळ पार होतो. जुन्या धाब्याच्या घरात शांत का वाटायचं? जाडजूड मातीच्या भिंती, अन् माथ्यावरही मातीच. शिवाय ट्रे पटकन पेट घेतात; वायरिंगजवळ तर लावूच नका.

आधी फटी बुजवा. शंभरातला एक भाग उघडा असला, तर भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या आसपासच अडतात. दाराखाली रबरी पट्टी लावा, छताचे टिन अन् भिंत यांमधली पोकळी विटा-सिमेंटनं बंद करा. अन् पोकळ फ्लश दारासाठी (सपाट, आतून पोकळ, हलकं दार) जुनं जड सागवानी दार काढून टाकू नका.