काळी स्क्रीन आणि खोक्यावरचा 'रेडी': एचडीसीपीच्या घोळाची पार्श्वभूमी

डेस्कटॉप स्वच्छ दिसतो, खेळ चालतात, घरचे व्हिडिओ चालतात. विकत आणलेली ब्लू-रे डिस्क लावली की मात्र स्क्रीन काळी पडते, नाहीतर एखादा त्रुटीसंदेश येतो. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो. आधी ती काढून पुन्हा बसवली जाते, मग बदलली जाते, शेवटी दुकानात जाऊन 'एचडीसीपीवाली केबल' मागितली जाते. एचडीसीपी म्हणजे संगणकातून किंवा प्लेअरमधून पडद्याकडे जाणाऱ्या चित्राची वाटेत कॉपी होऊ नये म्हणून लावलेले डिजिटल कुलूप. त्यासाठी वेगळी केबल नसते. एचडीसीपीचा कारभार चालतो तो तारेच्या दोन टोकांना बसलेल्या चिपांमध्ये; साधी तार फक्त त्यांचे निरोप पोचवते. लोकांना इतके कळत नाही म्हणून त्यांना नावे ठेवणे मला मान्य नाही. हा गैरसमज पसरण्यात २००५-०६ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे संगणकातून पडद्याला चित्र पुरवणाऱ्या भागांच्या, खोक्यांवर छापलेल्या 'रेडी' या एका शब्दाचा मोठा वाटा आहे.

त्यामागचा भांडणाचा इतिहास जुना आहे. घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर कार्यक्रम टेप करून नंतर पाहणे बेकायदेशीर नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. कायद्याने अडवता आले नाही ते सिग्नलमध्येच अडवावे, या विचाराला तिथून जोर आला. व्हिडिओ कॅसेटच्या सिग्नलमध्ये, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत, जास्तीचे स्पंद घातले जाऊ लागले. टीव्हीला त्यांचा फारसा त्रास होत नसे. दुसऱ्या रेकॉर्डरची आपोआप पातळी जुळवणारी यंत्रणा मात्र गोंधळे आणि कॉपी खराब निघे. १९९८ मध्ये अमेरिकेत अशी कुलपे तोडण्यालाच बंदी करणारा कायदा झाला. १९९९ मध्ये मॉनिटर जोडण्याची डीव्हीआय ही डिजिटल जोडणी आली आणि संगणकातून मॉनिटरपर्यंत पूर्ण डिजिटल, कॉपी करायला निर्दोष असा सिग्नल वाहू लागला. लगेच फेब्रुवारी २००० मध्ये एचडीसीपीची पहिली आवृत्ती निघाली.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या ४० गुप्त किल्ल्या, म्हणजे समोरच्या उपकरणाला ओळख पटवणारे आकडे, मिळतात, प्रत्येक ५६ बिटांची. त्या परवाना घेतलेल्या उत्पादकालाच मिळतात आणि कारखान्यातच उपकरणात भराव्या लागतात. चिपमध्ये या कुलपाचे गणित करायची क्षमता असणे ही एक गोष्ट, आणि त्या उपकरणाला किल्ल्या मिळालेल्या असणे ही दुसरी. पुढचा सगळा घोळ या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत झाला.

जानेवारी २००५ मध्ये युरोपात टीव्हीसाठी 'एचडी रेडी' ही खूण जाहीर झाली. तिच्या अटी लेखी होत्या: पडद्याला किमान ७२० ओळी हव्यात आणि डिजिटल इनपुटवर एचडीसीपी चालले पाहिजे. म्हणजे टीव्हीच्या बाबतीत 'रेडी' या शब्दामागे तपासता येईल असा अर्थ होता. त्याच सुमारास ग्राफिक्स कार्डांच्या खोक्यांवर 'एचडीसीपी-रेडी' झळकू लागले. टीव्हीची खूण वाचून आलेल्या ग्राहकाने इथेही तोच अर्थ घेतला, आणि त्यात त्याची काय चूक? २००६ च्या सुरुवातीला हार्डवेअरची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी खोलात चौकशी केली तेव्हा कळले, की दुकानात मिळणाऱ्या अशा कार्डांवर किल्ल्यांची चिप बसवलेलीच नाही. ग्राफिक्स चिप सक्षम होती, पण कार्ड बनवणाऱ्याने किल्ल्या घेतल्या नव्हत्या. नंतर ड्रायव्हर किंवा बायोस बदलून त्या भरता येण्याजोग्याही नव्हत्या.

चिप बनवणाऱ्यांचे म्हणणे असे, की आम्ही चिपबद्दल बोलत होतो. कार्डावर किल्ल्या बसवायच्या की नाही हे कार्ड बनवणाऱ्याने ठरवायचे. कार्ड बनवणाऱ्यांची बाजू अशी, की त्या वेळी एचडीसीपी मागणारा मजकूरच, म्हणजे तसे चित्रपट किंवा कार्यक्रम, संगणकावर जवळजवळ नव्हता, मग परवान्याचा आणि जास्तीच्या भागाचा खर्च कशाला? दुसऱ्या म्हणण्यात व्यवहार म्हणून तथ्य आहे. पण मग तो शब्द खोक्यावर छापायचा नव्हता. 'रेडी' म्हणजे 'आत्ता चालेल' की 'कधीतरी, दुसऱ्या कुणी दुसरे काही बसवले तर चालू शकेल', हे ज्याने पैसे मोजले त्याला कळायला हवे होते. अमेरिकेत यावरून ग्राहकांच्या वतीने खटला दाखल झाला, आणि पुढच्या काळात किल्ल्या असलेली कार्डे सर्रास येऊ लागली. मी स्वतः त्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरून असेच एक कार्ड आणले होते. दुकानदाराने बिचाऱ्याने दोनदा केबल बदलून दिली. दोष कार्डात होता, आणि तो त्यालाही दिसणे शक्य नव्हते.

किल्ल्या असूनही सुटका नव्हती. २५६० बाय १६०० च्या तीस इंची मॉनिटरना दुपदरी म्हणजे ड्युअल-लिंक डीव्हीआय लागत असे. सुरुवातीच्या कार्डांवर एचडीसीपी मात्र एकाच पदरावर चाले. त्यामुळे संरक्षित चित्रपट लावायचा तर सर्वांत महागड्या पडद्याला १२८० बाय ८०० वर उतरावे लागे. ब्लू-रेच्या नियमांत अ‍ॅनालॉग जोडणीवर चित्र ९६० बाय ५४० पर्यंत खाली आणायला लावणारी खूणही होती. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी ती वापरली नाही, पण टांगती तलवार होतीच. २००८ च्या शेवटी एका कंपनीचे नवे लॅपटॉप आले. त्यांना व्हीजीए या जुन्या अ‍ॅनालॉग जोडणीचा बाह्य पडदा जोडला, की त्याच कंपनीच्या दुकानातून विकत घेतलेले काही चित्रपट चालायला नकार देत. ग्राहकाने पैसे दिले होते, फाइल त्याची होती, पडदा त्याचा होता.

केबल नेहमीच निर्दोष असते असे मात्र नाही. एचडीएमआयमध्ये चित्राच्या जोड्या वेगळ्या आणि दोन्ही टोकांच्या बोलण्याची तार वेगळी. ते बोलणे १५ आणि १६ क्रमांकांच्या पिनांवरून चालते. जुन्या आवृत्तीत सुरुवातीची ओळख पटल्यावरही दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे ६० हर्ट्झला साधारण दोन सेकंदांनी, पुन्हा ताळा पाहिला जातो. या दोन पिनांत ढिलेपणा असेल तर साधे चित्र उत्तम येते आणि संरक्षित चित्र मध्येच जाते-येते. हे लक्षण दिसले तर केबल जरूर बदलावी. कधीच चित्र येत नसेल तर कार्ड, मॉनिटर आणि मधले कन्व्हर्टर यांच्याकडे पाहावे.

सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीची मूळ किल्ली, म्हणजे ज्या ४० बाय ४० च्या तक्त्यातून सगळ्या किल्ल्या निघतात तो तक्ताच, बाहेर फुटली. ही योजना तयार करणाऱ्यांनी काही दिवसांत ती खरी असल्याचे मान्य केले. अशा कुलपाचे गणित कच्चे असल्याचे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवले होते. कॉपी करणाऱ्याची वाट मोकळी झाली; तपासणी मात्र घरोघरच्या मॉनिटरवर तशीच चालू राहिली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. ते कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असण्याची अट घालते. अमेरिकेच्या कायद्यापेक्षा ही भूमिका मला अधिक न्याय्य वाटते.

एचडीएमआयसाठी एचडीसीपीची २.२ ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिचे कुलूप पूर्ण नवे होते, आणि मजकुराला 'टाइप १' अशी खूण असली तर तो जुन्या आवृत्तीच्या उपकरणाकडे जाऊच द्यायचा नाही असा नियम झाला. त्याच वर्षी एचडीएमआय २.० आले. दोन्हीत 'दोन'चा आकडा. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एचडीएमआय २.० असूनही एचडीसीपी २.२ नसलेले फोर-के पडदे विकले गेले, आणि 'रेडी'चाच प्रकार आकड्यांच्या रूपाने पुन्हा घडला. काही टीव्हींवर तर अनेक एचडीएमआय पोर्टांपैकी एकालाच २.२ असे, म्हणून तार दुसऱ्या पोर्टात लावल्यावर चित्र येई.

आता संगणकावरचा नेहमीचा त्रास दुसऱ्या मॉनिटरचा आहे. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या काही सेवांची अट अशी, की फोर-के दाखवायचे तर चालू असलेला प्रत्येक मॉनिटर २.२ मानणारा हवा. नवा पडदा सगळ्या अटींत बसतो, पण शेजारी जुना व्हीजीए किंवा डीव्हीआय मॉनिटर जोडलेला असतो आणि दर्जा खाली येतो. चित्रपट ज्या मॉनिटरवर दिसतो आहे त्याची केबल कितीही वेळा बदलली तरी फरक पडत नाही. शेजारच्याची काढली की पडतो.