डायनोचा कागद आणि बेळगावची हवा

डायनो म्हणजे चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं यंत्र, आणि त्यावरची एक चाचणी म्हणजे रन. एकच गाडी, एकच रन. रोलरवर प्रत्यक्ष मोजलेली ताकद १२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). एसएई, एसटीडी आणि डीआयएन ही दुरुस्तीची तीन मानकं: ठरावीक प्रमाण हवेत हाच आकडा किती आला असता, याचा हिशेब. संगणकात एसएई दुरुस्ती निवडली की कागदावर १३५.६ छापून येतं, जुनी एसटीडी निवडली की १३८.५, डीआयएन निवडली की १३३.९. इंजिनात काही बदललं नाही, बदलली ती माऊसची एक टिचकी. हे आकडे ३२ अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता आणि बेळगावच्या उंचीवरचा हवेचा दाब धरून काढले आहेत. टर्बो नसलेल्या, म्हणजे एनए इंजिनाच्या स्पोर्ट्स कारचा डायनो रिपोर्ट वाचायचा तर मोठ्या अक्षरातला आकडा बाजूला ठेवावा आणि खाली बारीक अक्षरात छापलेला दुरुस्तीचा गुणक आधी शोधावा. तो छापलेलाच नसेल तर तसा कागद मागून घ्यावा. कुठलाही चांगला डायनोवाला तो देतो.

एनए इंजिन बाहेरची हवा जशी आहे तशी ओढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला दाब १०१३ मिलिबार असतो, या उंचीवर तो ९२६ च्या आसपास येतो. म्हणजे हवा साडेआठ टक्के विरळ. बेंगळुरू ९२० मीटरवर, तिथे दाब साधारण ९०८. पुणे ५६० मीटरवर, तिथे ९४८. चोर्ला घाट उतरून पणजीला गेल्यावर गाडी 'मोकळी' वाटते असं बरेच जण सांगतात, आणि त्यात भ्रम नाही. पणजीत ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तरी वरच्या १२० पीएसच्या गाडीला रोलरवर १३१-१३२ मिळायला हवेत. टर्बो गाडीचा हिशेब वेगळा. तिथे वेस्टगेट (टर्बोला टाळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) थोडं मिटून टर्बो उंचीची तूट बरीचशी भरून काढतो, म्हणून तिच्या आकड्याला हाच गुणक लावला तर तो फुगतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेज-मायक्रोमीटर हाताळणाऱ्याला ही भानगड नवी नाही. लोखंडाचं माप २० अंशांना धरायचं असा जगभरचा करार आहे, तसाच इंजिनाच्या ताकदीचाही करार आहे. एसएई जे१३४९ मध्ये संदर्भ हवा २५ अंशांची आणि कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार. एसटीडीमध्ये १५.६ अंश आणि १०१३, डीआयएनमध्ये २० अंश आणि १०१३. संदर्भाच्या हवेत एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा ४ टक्के मोठा येतो, पण आपल्या विरळ हवेत हा फरक २ टक्क्यांवर उतरतो. त्यामुळे इंटरनेटवर वाचलेला '४ टक्के वजा करा' हा नियम इथे लागू पडत नाही.

एसएईचं सूत्र असं: ९९० ला कोरड्या हवेच्या दाबाने भागा. तापमानात २७३ मिळवून २९८ ने भागा आणि वर्गमूळ काढा. दोन्हींचा गुणाकार १.१८ ने गुणा आणि शेवटी ०.१८ वजा करा. शेवटची वजाबाकी घर्षणासाठी आहे. इंजिनाची यांत्रिक कार्यक्षमता ८५ टक्के धरलेली असते आणि हवा विरळ झाली म्हणून पिस्टनचं घासणं कमी होत नाही, एवढाच तिचा अर्थ. वरच्या उदाहरणात ९२६ मधून बाष्पाचे २४ वजा जाऊन कोरडा दाब ९०२ उरतो आणि गुणक १.१३ येतो.

खरी मेख या १.१३ मध्येच आहे. आयएसओ १५८५ आणि वाहनांच्या मान्यतेसाठीचा यूएन रेग्युलेशन ८५ यांत गुणकाची मर्यादा ०.९३ ते १.०७ आहे. ती ओलांडली तर चाचणीची परिस्थिती अहवालात नेमकी नोंदवावी लागते. बेळगावात जानेवारीच्या सकाळी २२ अंशांना चाचणी केली तरी आयएसओचा गुणक १.०९ च्या आसपास राहतो. थोडक्यात, आपल्याकडचा दुरुस्त आकडा बाराही महिने मर्यादेबाहेरचा आहे. एवढ्या मोठ्या दुरुस्तीत अंदाज बराच मिसळतो. विरळ हवेत नॉकिंगचा (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्याचा) धोका कमी असतो, त्यामुळे ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क थोडा आधी देऊ शकतो. समुद्रसपाटीवर तेच इंजिन कदाचित तेवढा आगाऊ स्पार्क सहन करणार नाही. गुणकाला हे कळत नाही, तो सरसकट १३ टक्के चढवतो. म्हणून इथल्या दुरुस्त आकड्याची कंपनीच्या माहितीपत्रकाशी तुलना करून भांडण्यात अर्थ नाही. त्याच डायनोवर त्याच दिवशी घेतलेल्या आधीच्या आणि नंतरच्या रनची तुलना मात्र भरवशाची असते.

ती तुलना बिघडवायला दोन चुका पुरतात. पहिली दाबाची. मोबाईलवरचं हवामान ॲप किंवा बेळगावच्या सांबरा विमानतळाचा हवामान अहवाल जो १०१० ते १०१५ च्या घरातला दाब दाखवतो, तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. डायनोला स्वतःचं हवामान केंद्र नसेल आणि कुणी हा १०१२ हातानेच भरला, तर गुणक १.१३ ऐवजी १.०२ येतो आणि १३५.६ चे १२२ होतात. एक्झॉस्ट बदलण्याआधीचा रन असा आणि नंतरचा खऱ्या दाबाने झाला, तर नुसत्या हवेतून तेरा-चौदा पीएस 'वाढतात'. दुसरी चूक तापमानाच्या सेन्सरची. तो रेडिएटरच्या गरम झोतात ठेवला आणि १० अंश जास्त दाखवू लागला, तर याच गाडीला अडीच पीएस फुकट मिळतात. सेन्सर इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाजवळ हवा.

रोलर काय मोजतो

इनर्शिया डायनोत जड ड्रम असतो. तो किती झपाट्याने फिरू लागला यावरून ताकद काढतात. लोड डायनोत ड्रमला एडी करंट ब्रेक असतो, तो इंजिनाला ठरावीक आरपीएमवर धरून ठेवू शकतो. हब डायनोत चाकंच काढतात, त्यामुळे टायर घसरण्याचा प्रश्न उरत नाही. या तिघांचे आकडे एकमेकांशेजारी मांडू नयेत.

इनर्शिया डायनोवर हलकं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चक्र) लावलं की आकडा वाढतो. समजा १० सेंटीमीटर त्रिज्येवरचं ४ किलो वजन कमी केलं आणि रन ३००० ते ७००० आरपीएम ८ सेकंदांत झाला, तर ७००० ला सुमारे २ पीएस जास्त दिसतात. इंजिनाने जास्त इंधन जाळलेलं नसतं, फ्लायव्हील फिरवण्यात जाणारी ताकद वाचलेली असते. रस्त्यावर त्याचा फायदा होतोच, पण त्याला 'इंजिनाची ताकद वाढली' म्हणू नये.

वाटेत १५ टक्के तोटा धरून चाकांवरच्या आकड्यावरून क्रँकची, म्हणजे थेट इंजिनाची ताकद काढण्याची सवयही सोडलेली बरी. गिअरबॉक्समधल्या तोट्याचा काही भाग वेगाबरोबर वाढतो, काही टॉर्कबरोबर (फिरवण्याच्या जोराबरोबर), काही तेलाच्या तापमानावर ठरतो. चाकांवर १० पीएस वाढले म्हणून क्रँकवर ११.८ वाढले असं छापणं ही निव्वळ सजावट आहे. काही डायनो रन संपल्यावर क्लच दाबून गाडी आपोआप मंदावू देतात आणि तोटा मोजतात. ती पद्धत बरी, तरी टायरची हवा आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण बदलला की तिचाही आकडा हलतो.

रन घ्यायचा तो १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये, बहुतेक गाड्यांत चौथ्यात. टायरची हवा, पट्ट्यांचा ताण, समोरच्या पंख्याची जागा आणि आलेखाचं स्मूदिंग प्रत्येक वेळी सारखं ठेवावं. इंजिन ऑइल ८५-९० अंशांवर स्थिर झाल्यावर किमान तीन रन घ्यावेत. तिन्ही एक-दीड टक्क्याच्या आत आले तर ती सुरुवातीची रेषा. प्रत्येक रन आधीच्यापेक्षा खाली येत असेल तर बॉनेटखाली उष्णता साठतेय आणि ईसीयू स्पार्क मागे घेतोय. अशा वेळी नवीन एअर फिल्टरची परीक्षा घेऊन काही कळत नाही.

कागद खरा का खोटा

पीएसमधली ताकद म्हणजे न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२४. आलेखावरचा कुठलाही बिंदू घेऊन हा हिशेब करावा. १७२ न्यूटन-मीटर आणि ७००० आरपीएमला १७१ पीएस यायला हवेत. कागदावर दुसरंच काही असेल तर एकक चुकलंय, किंवा दोन रेषा वेगवेगळ्या रनच्या आहेत. दोन्ही रेषा ५२५२ ला एकमेकींना छेदतात हे पाउंड-फूट आणि हॉर्सपॉवरला खरं. न्यूटन-मीटर आणि पीएस एकाच मापाच्या अक्षावर असतील तर छेद ७०२४ ला येतो.

आणखी एक बारकावा. आरपीएमचं कॅलिब्रेशन चुकलं तरी ताकद बरोबर येते, कारण ती रोलरवरचं बल आणि रोलरचा वेग यांतून निघते. टॉर्क मात्र चुकतो, कारण तो ताकदीला आरपीएमने भागून काढतात.

एनए इंजिनाला निसर्गाचं कुंपणही आहे. होंडा एस२००० चं जपानी २ लिटर इंजिन २१८ न्यूटन-मीटर द्यायचं, म्हणजे लिटरला १०९. पोर्शे ९११ जीटी३ चं ४ लिटरचं ४७०, म्हणजे लिटरला ११७ च्या पुढे. रस्त्यावरची जगातली उत्तम इंजिनं इथवर पोहोचतात. गल्लीत रिमॅप केलेल्या (ईसीयूची सेटिंग बदललेल्या) १.५ लिटर गाडीचा कागद चाकांवर २१० न्यूटन-मीटर दाखवत असेल तर बिघाड कागदात आहे.

रेषेचा आकार

एनए इंजिनाची टॉर्करेषा म्हणजे सिलिंडर किती भरतोय याचं चित्र. इनटेक आणि एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी ठरावीक आरपीएमला भराव वाढवते आणि दुसऱ्या ठिकाणी तोडते. टोयोटा जीटी८६ मधला ३५०० ते ४५०० मधला खड्डा प्रसिद्ध आहे. मोठा एक्झॉस्ट लावून ७२०० ला ५ पीएस मिळाले आणि ४५०० ला १० न्यूटन-मीटर गेले, तर हा सौदा कसा हे गिअरवर ठरतं. दुसरा गिअर १.९ आणि तिसरा १.३ असेल तर ७५०० ला गिअर टाकल्यावर आरपीएम ५१३० वर पडतो. ट्रॅकवर ५१३० ते ७५०० या पट्ट्यातली सरासरी ताकद महत्त्वाची. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला मात्र तो ४५०० चा खड्डा रोज भेटणार.

होंडाच्या व्हीटेकसारख्या, कमी आणि जास्त आरपीएमला वेगवेगळा कॅम वापरणाऱ्या इंजिनात बदलाच्या जागी रेषा खाली जाऊन उसळत असेल तर आरपीएम चुकीचा ठरवलाय. छोट्या आणि मोठ्या कॅमवर वेगवेगळे रन घेऊन दोन रेषा जिथे छेदतात, तिथे बदल ठेवावा.

हवा-इंधन प्रमाणाची रेषा याच कागदावर हवी, आणि ती लॅम्ब्डात, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण. बेळगाव जिल्हा उसाचा, इथले साखर कारखाने इथेनॉल गाळतात आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्के असतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७, या मिश्रणाचं १३.५ च्या आसपास. लॅम्ब्डात दोन्हींसाठी ते १ च. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० मध्ये रेषा सपाट हवी. वर जाता जाता ती ०.९५ कडे सरकत असेल तर फ्युएल पंप किंवा फिल्टर कमी पडतोय, तिथेच रन थांबवावा. रेषेत अचानक लीन टोकं दिसली आणि टॉर्करेषा करवतीसारखी झाली तर मिसफायर समजावा. न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि इंधन कमी असल्याचा भास होतो. अशा वेळी इंधन वाढवू नये, प्लग आणि कॉइल बघावेत.

आरपीएम चढतोय पण रोलरचा वेग त्या प्रमाणात चढत नाही, तर क्लच किंवा टायर घसरतोय. दोन्हींचं गुणोत्तर आलेखावर काढलं की ती रेषा आडवी राहायला हवी.

लॅम्ब्डा ठीक, गुणोत्तर ठीक, आणि तरी ५५०० नंतर ताकद गुळगुळीतपणे आडवी होत असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. आधी एअर फिल्टर काढून बघा, लाल मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. नंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापी लावा. न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला काटा ०.२ बारच्या वर गेला तर कन्व्हर्टर चोंदलेला आहे.