दिवसाला एक अणू

हिवाळ्यात, जानेवारीच्या रात्री आठ-नऊला कृत्तिकेचा पुंजका आणि तांबूस रोहिणी डोक्यावर आलेली असतात. त्यांच्या आसपास आकाशात काही ठिकाणी तारे विरळ वाटतात. तारे तिथेही आहेत. पण सुमारे 450 प्रकाशवर्षांवर वायू आणि धुळीचा काळोखा ढग पसरला आहे आणि त्यामागचे तारे झाकले गेले आहेत. ढगाच्या गाभ्यात तापमान उणे 263 अंश सेल्सिअस.

एवढ्या गारठ्यात रसायनं तयार होणार कशी? अणू एकमेकांपासून दूर. दोन भेटले तरी जुळताना सुटणारी ऊर्जा टाकायला जागा नसते, म्हणून ते बहुधा पुन्हा वेगळे होतात. ही अडचण धुळीचा कण सोडवतो. तो मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा असतो. अणू त्याला चिकटतात आणि जादा ऊर्जा कणात मुरते. ऑक्सिजनला हायड्रोजन मिळून पाणी होतं आणि कणावर बर्फाचा थर चढतो. पुढे वायूतला कार्बन मोनॉक्साइडही त्यावर गोठतो.

खरी किमया यानंतरची. कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजन जोडायचा तर ऊर्जेचा एक घाट ओलांडावा लागतो आणि तो चढण्याइतकी ऊब इथे नाही. पण हायड्रोजनचा अणू इतका हलका की पुंजयांत्रिकीच्या, म्हणजे अणूंच्या जगाच्या, नियमांनी तो घाट न चढता आरपार जातो, जणू बोगद्यातून. दोन हायड्रोजन जोडले की फॉर्मॅल्डिहाइड. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये असतं ते फॉर्मॅलिन म्हणजे याचंच पाण्यातलं द्रावण. आणखी दोन जोडले की मिथेनॉल. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात 2002 साली हे प्रत्यक्ष करून दाखवण्यात आलं.

अशा एका कणावर हायड्रोजनचा अणू साधारण दिवसातून एकदाच आदळतो. पण ढगाजवळ वेळ लाखो वर्षांचा आहे. हा संथपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्याच 2002 साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी पाणी, मिथेनॉल, अमोनिया यांसारख्या साध्या पदार्थांचा बर्फ गोठवून त्यावर अतिनील किरण सोडले. उरलेल्या चिकट अवशेषावर आम्लाची प्रक्रिया केल्यावर त्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, सापडली. युरोपीय गटाला तब्बल 16. आम्लाची ही पायरी बातम्यांतून बरेचदा गळते. ती महत्त्वाची आहे, कारण बर्फात थेट बनतात ते बहुतांशी अमिनो आम्लांचे पूर्वज रेणू.

हे सगळं खऱ्या ढगात दिसतं का? 2023 साली जेम्स वेब दुर्बिणीने दक्षिण आकाशातल्या कॅमेलियन ढगामागच्या दोन ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश तपासला. तो बर्फातून गाळून येताना ठरावीक तरंगलांबींवर क्षीण झाला होता. त्या खुणांवरून पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन ओळखता आले आणि मिथेनॉलही. ढगाच्या त्या भागात अजून एकही तारा पेटलेला नाही.