मनगटावरची गाठ : फुगा दिसतो, देठ दिसत नाही

मनगट खाली वाकवलं की त्याच्या पाठीवर, साधारण मध्यभागी, एक गुळगुळीत टेंगूळ वर येतं. मनगट सरळ केलं की बरंचसं दबतं. काही दिवस मोठं दिसतं, काही दिवस लहान. बहुतेक वेळा ही गँगलियनची गाठ असते. हातावर येणाऱ्या मऊ गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते ती हीच. 20 ते 40 या वयात आणि स्त्रियांमध्ये अधिक. हा कर्करोग नव्हे.

गाठीत असतं काय? सांध्यातल्या वंगणाचाच दाट भाऊबंद. हायलुरॉनिक आम्ल असलेला, केसांना लावायच्या जेलसारखा पारदर्शक गर. ही पिशवी सुटी नसते. बारीक देठाने ती सांध्याच्या आवरणाला किंवा कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) म्यानाला जोडलेली असते. पाठीवरच्या गाठीचा देठ बहुधा स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन छोट्या हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधापाशी निघतो. देठाचं वागणं झडपेसारखं असतं. एक्स-रेत दिसणारा द्रव सांध्यात टोचला तर तो बहुधा गाठीत पोचतो. गाठीत टोचलेला मात्र सांध्यात उतरत नाही. उपचार टिकतो की फसतो, हे या देठावर ठरतं.

साठ ते सत्तर टक्के गाठी मनगटाच्या पाठीवर असतात. त्याखालोखाल तळहाताच्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, धमनीला अगदी खेटून. बोटाच्या मुळाशी वाटाण्याएवढी कडक गाठ येते आणि पिशवीचा बंद धरताना टोचते. बोटाच्या टोकाच्या सांध्यावरची गाठ सहसा झिजलेल्या सांध्यातून येते आणि नखावर उभी खाच पाडते. ही घरी सुईने फोडू नये. तिचा रस्ता थेट सांध्यात जातो, आणि जंतूही त्याच रस्त्याने जातात.

अंधाऱ्या खोलीत गाठीला टॉर्च टेकवून पाहावं. गाठ उजळली तर आत द्रव आहे. उजेड आरपार गेला नाही तर ती भरीव असू शकते. मग सोनोग्राफी हवी. दगडासारखी कडक असेल तर तो हाडाचाच उंचवटा असण्याची शक्यता आहे. दुखण्याचा हिशेब मात्र उलटा असतो. मोठी गाठ अनेकदा मुळीच दुखत नाही, तर डोळ्यांना न दिसणारी बारीक गाठ हातावर भार देऊन उठताना हैराण करते.

दुखत नसेल तर काही न करणं हाही खरा उपचार आहे. मोठ्यांमध्ये जवळपास निम्म्या गाठी आपोआप जिरतात, पण त्याला वर्षंही लागतात; लहान मुलांत जिरण्याचं प्रमाण आणखी जास्त. दुखत असेल तर काही दिवस मनगटाला पट्टा बांधावा. महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर स्नायू कमजोर होतात.

गर काढायला 16 किंवा 18 गेजची जाड सुई लागते, कारण बारीक सुईतून जेल वर चढतच नाही. आधी जागा बधिर करतात. गाठ तिथल्या तिथे सपाट होते, रुग्ण खूश होतो; पण देठ शाबूत असल्याने निम्म्याहून अधिक गाठी परत भरतात. नाडीजवळच्या गाठीत आंधळेपणाने सुई घालणं धोक्याचं, कारण शेजारी धमनी असते. सोबत स्टेरॉइड दिल्याने गाठ परत येणं थांबतं असं नाही. कातडी फिकी पडू शकते, ते वेगळंच. जाड पुस्तक आपटून गाठ फोडण्याचा जुना उपायही याच कारणाने फसतो. पिशवी फुटते, देठ राहतो, वर खालचं एखादं हाड दुखावलं तर ते पदरी पडतं.

शस्त्रक्रियेत गाठीबरोबर देठ आणि त्याच्या बुडाशी असलेला आवरणाचा लहानसा तुकडा काढतात. छेद देऊन किंवा दुर्बिणीने, दोन्हींनी जमतं. टोकाच्या सांध्यावर हाडाचा काटा वाढला असेल तर तोही घासावा लागतो. एवढं करूनही काही गाठी परततात. त्वचेखालच्या नसेची फांदी दुखावली तर व्रणाजवळ बधिरपणा राहतो. सर्वांत सामान्य तक्रार ताठरपणाची. म्हणून बोटांची हालचाल पहिल्याच दिवसापासून सुरू करायची.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, किल्ली फिरवताना चिमटीत जोर राहत नसेल, तर मात्र वाट पाहू नये. तळहाताच्या बुडाशी खोल दडलेली गाठ अल्नर नस, म्हणजे करंगळीच्या बाजूची मज्जातंतूची नस, दाबत असू शकते, आणि नस फार काळ दबून राहिली तर गाठ काढल्यावरही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.