पोरगी राहणार कुठं? विदर्भातल्या महिला महाविद्यालयांची पार्श्वभूमी

वऱ्हाडातल्या मुलीला पदवी घ्यायची म्हटलं की घरातला पहिला प्रश्न फीचा नसायचा. पोरगी राहणार कुठं आणि कोणाच्या भरवशावर, हे आधी विचारलं जायचं. इथल्या महिला महाविद्यालयांचा इतिहास या प्रश्नाला धरूनच वाचावा लागतो.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ सालचं, मॉरिस १८८५ चं. नागपूर विद्यापीठ आणि अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज (आजचं विदर्भ महाविद्यालय) दोन्ही १९२३ चे. मुलींसाठी वेगळं काही नव्हतं. अमरावतीत १९०४ साली जन्मलेल्या कुसुम जयवंत शाळेसाठी थेट पुण्याला, हुजूरपागेत गेल्या. पुढे नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन त्या लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात शिकल्या. ते कॉलेज तेव्हा फक्त स्त्रियांचं होतं. परत आल्यावर त्यांनी नागपुरात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलं आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, कुसुमावती देशपांडे. ऐपत आणि हिंमत दोन्ही असलेल्या घरातच हे जमायचं, हेही नमूद करायला हवं.

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केलं आणि तिथं मातृभाषेतून शिकवलं. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या खेड्यातल्या मुलीसाठी ही मोठीच गोष्ट होती, पण विद्यापीठ पडलं पुण्याकडे. विदर्भात १९३२ साली नागपुरात मुलींचं कॉलेज निघालं. तेच पुढे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. वर्ध्यात जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने महिलाश्रम उभा राहिला. तिथं राहणं आणि शिकणं एकाच आवारात होतं, त्यामुळे घरच्यांची निम्मी काळजी मिटायची.

दलित मुलींची वाट याहून खडतर. स्टेशनवर ओझी वाहून पोट भरलेल्या जाईबाई चौधरी यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर तिथं बोलले ते पुष्कळांना पाठ आहे. परिषदेने मुलींसाठी वसतिगृहं मागितली होती, ते मात्र फारसं कोणाच्या लक्षात नसतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली त्या मागणीत आहे.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणसंस्था तालुक्यापर्यंत पोचल्या. अकोल्यात राधादेवी गोयनका महिला महाविद्यालय झालं, पुसदला वत्सलाबाई नाईक महिला महाविद्यालय. वत्सलाबाई नागपूरच्या घाटे घराण्यातल्या. १९४१ मध्ये त्यांनी गहुलीच्या वसंतराव नाईकांशी, म्हणजे बंजारा समाजातल्या एका तरुण वकिलाशी, लग्न केलं. त्या काळी त्यावरून केवढा गहजब झाला असेल! राजकारण्यांच्या घरातली नावं कॉलेजांना चिकटवायची आपल्याकडे सवयच आहे, पण हे नाव तिथं शोभतं.

अशा कॉलेजांचे रिवाज गावाकडूनच आलेले. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, दत्तक खेड्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर. आई-आजीच्या तोंडची भुलाबाई इथं स्पर्धेत येते. बापाच्या परवानगीने पहिल्यांदा घराबाहेर मुक्काम होतो, तो बहुतेकींचा त्या शिबिरातच.

दिवाळीनंतर वर्ग विरळ होतात. कापूस फुटलेला असतो, मजुरी किलोवर मिळते, आणि मागच्या बाकावरच्या मुली आईसोबत वेचणीला गेलेल्या असतात. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लागतं. मॅडमना कारण ठाऊक असतं.

दुसरा अडसर बसचा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो पाचवी ते बारावी. म्हणजे पदवीच्या पहिल्याच वर्षी खिशाला खार. तिथून पुढे विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, त्याने थोडा हातभार लागला. पण सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास गेलेच, म्हणून तालुक्याच्या कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्यांइतकंच एसटी डेपोही ठरवतो.