नवी मुंबई विमानतळावरील पहिले अवतरण

पनवेल तालुक्यात उलव्याजवळ उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय हवाई दलाचे सी-२९५ हे मालवाहू विमान उतरले. या धावपट्टीला लागलेली ही पहिली चाके. टर्मिनलचे काम तेव्हा चालू होते. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते, विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली.

ही जागा सपाट नव्हतीच. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, खाडीकाठच्या पाणथळीत भराव घालावा लागला. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, ओवळे यांसह दहा गावे उठली. जमीन संपादनाविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, ही मागणी इथल्या प्रकल्पग्रस्तांनी लावून धरली.

सी-२९५ हे दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या इंजिनांचे विमान. त्यात ७१ सैनिक किंवा ४८ छत्रीधारी सैनिक मावतात. हवाई दलाची जुनी अ‍ॅव्हरो विमाने बदलण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये एअरबसशी ५६ विमानांचा करार झाला. त्यांपैकी १६ स्पेनमधील सेव्हिल येथून तयार होऊन यायची, ४० वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बनायची. अ‍ॅव्हरोची मोठी उणीव म्हणजे तिला मागचा उतरता दरवाजा नव्हता. सी-२९५ ला तो आहे, त्यामुळे जीप किंवा अवजड सामान थेट पोटात चढवता येते आणि हवेतून सोडताही येते. पहिले विमान सप्टेंबर २०२३ मध्ये हवाई दलाच्या हाती आले. म्हणजे उलव्यात उतरले तेव्हा हा प्रकार भारतात जेमतेम वर्षभराचा होता.

सुमारे ६७० मीटरांची धावपट्टीही या विमानाला पुरते. इथली धावपट्टी ३,७०० मीटरांची. तेव्हा लांबीची कसोटी त्या दिवशी लागली, असे म्हणता येत नाही. त्याच कार्यक्रमात सुखोई-३० लढाऊ विमानही धावपट्टीवरून गर्जत गेले. ते उतरले मात्र नाही. पाहणाऱ्यांच्या नजरा साहजिकच सुखोईकडे लागणार, पण नोंद घ्यायची ती मालवाहू विमानाचीच.

२९ डिसेंबर २०२४ रोजी इंडिगोचे ए-३२० चाचणीसाठी येथे उतरले. प्रवासी कंपनीचे ते पहिले विमान. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले. १९३२ साली याच तारखेला हवाई दलाची स्थापना झाली होती. प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली.